पूर्वेस हवा, पश्चिमेस हवा

वकिलाच्या ऑफिसात दोन कपाटं असतात. एक कागदांचं, त्याला वाळवी लागते. दुसरं किश्श्यांचं, ते कारकुनाच्या डोक्यात असतं आणि त्याला काही केल्या वाळवी लागत नाही! साताऱ्यात बापूसाहेब वकिलांकडं मी बावीस वर्षं कारकुनी केली. बांधाचे दावे, विहिरीचे दावे, कुळाचे दावे, सगळं पाहिलं. पण एका सोळा फ्लॅटच्या बिल्डिंगनं जेवढे किस्से दिले, तेवढे बाकीच्या सगळ्या दाव्यांनी मिळून दिले नाहीत.

आणि आधीच सांगून ठेवतो, ह्यात जे मूर्ख लोक येतात, त्यांच्यात मीही आहे. तेव्हा हसताना माझी भीड धरू नका.

* * *

सातारकरांना वाडा माहीत होता, चाळ माहीत होती, बंगला लांबून माहीत होता. 'अपार्टमेंट' म्हणजे काय, हे कुणालाच माहीत नव्हतं. सरकारनं तसा कायदा करून दोन-तीन वर्षं झाली होती, पण तो अजून खंबाटकी घाट उतरून आमच्यापर्यंत आला नव्हता!

अशात सांगलीचे आण्णाशेठ आले. हळदीचे मोठे व्यापारी. साताऱ्यात प्लॉट घेतलेला, त्यावर तळमजला आणि वर तीन मजले, मजल्याला चार घरं, अशी बिल्डिंग उठवत होते. कागदपत्रं करायला त्यांनी बापूसाहेबांना धरलं.

बापूसाहेबांनी पुण्याहून कायद्याचं पुस्तक मागवलं. दोन दिवस दार लावून वाचलं. तिसऱ्या दिवशी बाहेर येऊन म्हणाले, "सोपं आहे रे! भिंतीच्या आतलं ते ज्याचं त्याचं, भिंतीच्या बाहेरचं ते सगळ्यांचं."

"आणि भिंत?" मी विचारलं.

बापूसाहेबांनी परत दार लावून घेतलं.

* * *

पहिलं गिऱ्हाईक सुभेदार. एकाहत्तरची लढाई करून पेन्शनीत आलेले. गाव उंब्रजच्या अलीकडं, ऊस रग्गड, पण पोरींच्या शाळेसाठी साताऱ्यात घर पाहिजे होतं. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट त्यांनी पसंत केला आणि ऑफिसात येऊन बसले.

"दुसऱ्या मजल्याचा सातबारा काढून द्या."

"सुभेदार, सातबारा जमिनीचा असतो."

"मग माझं घर कशावर हाय?"

"खालच्या घरावर."

"आन् त्ये?"

"त्याच्या खालच्यावर."

"लय फिरवू नगा. जमिनीवर कोन हाय, त्येवढं सांगा!"

तळमजल्याचा एक फ्लॅट मी घेतला होता. बापूसाहेबांच्या ओळखीनं कारकुनाला दिलेला. मी म्हणालो, "मी आहे."

सुभेदारांनी मला वरून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "मग अवघड हाय."

तरी खरेदीखताचा मसुदा झाला. आमचे दस्तलेखक जुन्या वळणाचे. जमीन असो, विहीर असो, चारी बाजूंना काय आहे ते लिहिल्याशिवाय त्यांचा टाक पुढं सरकत नसे. त्यांनी लिहिलं, 'पूर्वेस हवा, पश्चिमेस हवा, दक्षिणेस जगताप, उत्तरेस सामाईक जिना.'

सुभेदारांनी ते दोनदा वाचलं. "चारच बाजू? आवं, शत्रू वरनं बी येतो! वर कोन ऱ्हातंय त्ये लिवा."

वर तिसऱ्या मजल्यावर रावसाहेब येणार होते, रिटायर्ड मामलेदार. ते शेजारच्याच खुर्चीवर बसले होते. दस्तलेखकांनी त्यांच्याकडं बघत बघत पाचवी बाजू कागदात घातली.

* * *

आण्णाशेठची व्यापाराची रीत हळदबाजारातली. तिथं रुमालाखाली हात घालून बोटं दाबायची आणि सौदा करायचा. शेजारी उभा असलेल्यालासुद्धा कळत नाही काय ठरलं ते. आण्णाशेठनी फ्लॅटचे सौदे तसेच केले! कोचावर बसवायचं, मांडीवर टॉवेल टाकायचा, खाली हात. "झालं? झालं!" संपलं.

बिल्डिंगमध्ये लोक राहायला आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात तिघांच्या बायका एकाच सकाळी गच्चीवर कुरडया घेऊन गेल्या. तिघींची जुंपली. एक म्हणे गच्ची आमची, दुसरी म्हणे आमची, तिसरीनं तर कुलूपच आणलं होतं!

तिघं नवरे ऑफिसात आले. आण्णाशेठनी तिघांनाही टॉवेलाखाली गच्ची दिली होती. कागद? कुणाकडंच नाही.

बापूसाहेब म्हणाले, "अहो, गच्ची सोळा जणांची सामाईक. ती विकायचा आण्णाशेठना अधिकारच नाही. लिहून का नाही घेतलंत?"

त्यातला एक कळवळून म्हणाला, "साहेब, बोटं इतकी गच्च दाबली होती हो त्यांनी!"

* * *

आता कांबळे सिस्टर. ह्या आल्या त्या दिवशी ऑफिसात आम्ही तिघं होतो. आण्णाशेठ, बापूसाहेब, मी.

सिस्टर नर्स होत्या. माहेर वाईकडचं. नवरा लोणंदला रेल्वेत, सुट्टीला येऊन-जाऊन. सासू आणि दोन मुली इथं. तीन वर्षांत पाच खोल्या बदललेल्या. बापूसाहेबांनी कारण विचारलं, तर म्हणाल्या, "आम्ही बौद्ध. मालकाला आडनाव उशिरा कळलं तर खोली महिनाभर टिकते. लवकर कळलं तर आत्ताच दुसऱ्याला दिलेली असते."

बापूसाहेब चष्मा पुसायला लागले. मी टाईपरायटरची रिबन तपासायला लागलो.

"मला असं घर पाहिजे, की ज्यातनं मला ऊठ म्हणायचा कुणालाही हक्क नसेल. कायद्यात आहे का तसं घर?"

"आहे," बापूसाहेब म्हणाले. "पण कागद पुरा झाला तरच."

"मग पुरा करू या."

आणि बाईंनी वही उघडली. जमिनीचा सातबारा पाहिजे. बिनशेतीचा हुकूम पाहिजे. नगरपालिकेनं मंजूर केलेला नकाशा पाहिजे. तीस वर्षांत ह्या जमिनीवर कुणाचा बोजा, कुणाचा हक्क होता का, त्याचा शोध पाहिजे. आणि डिक्लरेशन पाहिजे.

"डिक्लरेशन म्हणजे काय ओ?" आण्णाशेठनी हळूच मला विचारलं. बिल्डिंग त्यांची!

बापूसाहेबांनी समजावलं. मालकानं लिहून नोंदवायचं, की ही बिल्डिंग मी ह्या कायद्याखाली दिली. ही सोळा घरं. जमीन, जिना, गच्ची, टाकी हे सगळं सामाईक आणि त्यात प्रत्येक घराचा इतका हिस्सा. त्यानंतर एकेका घराचं खरेदीखत नोंदवायचं. "एकदा हे झालं आण्णाशेठ, की जिना तुमच्या बापाचासुद्धा राहत नाही."

आण्णाशेठचा चेहरा हळदीपेक्षा पिवळा पडला. "बाई, एवढा संशय? आम्ही हळदीचं पेव घेताना आत उतरून बघत नाही."

सिस्टर म्हणाल्या, "बाटलीवरचं लेबल वाचल्याशिवाय मी पेशंटला औषधाचा थेंब देत नाही. आणि तो थेंब दुसऱ्याच्या पोटात जायचा असतो. हे तर माझं घर आहे."

घर पुरतं त्यांचं होईस्तोवर त्यांनी आण्णाशेठना सोडलं नाही. दर गुरुवारी ड्युटी संपली की येऊन बाकावर बसायच्या. शेवटी कंटाळून आण्णाशेठनी डिक्लरेशनवर सही केली. ते सगळं मीच टाईप केलं. पण टाईप करणारा माणूस वाचत नसतो, हे लक्षात ठेवा!

* * *

डिक्लरेशन झालं, आता ज्याचं त्याचं खरेदीखत नोंदवायचं. बापूसाहेबांनी सोळाही जणांना दिवस सांगून ठेवला. पण तो दिवस निघाला अमावास्येचा!

रावसाहेब म्हणाले, "अमावास्येला घराचा कागद? छे! आणि घाई काय? मी मामलेदार होतो. ताबा आपला, किल्ली आपली, झालं. कागद काय, पळून जातो?" मामलेदारच म्हणतोय म्हटल्यावर सगळे गप्प. पुढच्या तारखेला सुभेदारांच्या उसाला तोड आली. त्याच्या पुढच्या तारखेला जगतापांकडं लग्न. मग आण्णाशेठच सांगलीला. मग कुणी तारीखच विचारली नाही.

मी? मी रोज त्या नोंदणी कचेरीच्या बाहेरच्या टपरीवर चहा प्यायचो. आत गेलो नाही. आपल्याच ऑफिसचं काम, होईल की कधीही!

अमावास्येला एकट्या सिस्टर आण्णाशेठना घेऊन गेल्या. गर्दी नव्हती. तासाभरात अंगठा, सही, शिक्का सगळं उरकून त्या दुपारच्या ड्युटीला हजर झाल्या.

* * *

राहायला आल्यावर सुभेदारांनी गावाकडनं म्हैस आणली आणि बिल्डिंगच्या मोकळ्या जागेत बांधली. रावसाहेब गॅलरीतून ओरडले, "ही सामाईक जागा आहे!"

"म्हनूनच बांधली! सोळा घरं, सोळा आनं. माझा येक आना हाय का न्हाई?"

"आहे."

"म्हस येका आन्यातच हुबी हाय. टेप लावून बगा!"

खरंच त्यांनी चुन्याची रेघ मारून जागा आखली होती. प्रकरण बापूसाहेबांकडं आलं. बापूसाहेब म्हणाले, "सुभेदार, हिस्सा अविभक्त आहे. म्हणजे तुमचा आणा एका कोपऱ्यात नाही. प्रत्येक इंचात सोळाही जणांचा एकेक आणा."

"म्हंजी म्हशीच्या पायाखाली रावसायबांचा बी आना हाय?"

"हो."

"मग शेन बी सोळा जनांत वाटून घ्या म्हनावं!"

* * *

जगताप दोन. थोरले आणि धाकटे, चुलतभाऊ. गावाकडं दोघांच्या शेतांमध्ये एक बांध, आणि त्या बांधाचा दावा आमच्या ऑफिसात अकरा वर्षं चाललेला. दरवर्षी नांगरताना एकानं वीतभर बांध कोरायचा, दुसऱ्यानं दुसऱ्या बाजूनं. भावाचं तोंड नको म्हणून दोघांनी शहरात घर घेतलं. एकमेकांना न सांगता. टॉवेलाखाली! राहायला आले तेव्हा कळलं, मध्ये एकच भिंत.

हाताची सवय जाते कुठं? थोरल्यांनी भिंतीत मारुतीसाठी कोनाडा खोदला. धाकट्यांनी ठोकाठोक ऐकली आणि आपल्या बाजूनं रेडिओसाठी खोदला. थोरल्यांनी आणखी चार बोटं आत घेतला. धाकटे कसले थांबतात? एका दुपारी दोन्ही कोनाड्यांची गाठ पडली आणि मारुतीच्या पाठीमागं गुळाचे बाजारभाव सुरू झाले!

दोघं ऑफिसात आले. "ह्यानं बांध कोरला!" "ह्यानं आदी कोरला!"

बापूसाहेब आता पुस्तक पाठ झालेले. म्हणाले, "भिंत तुमच्या दोघांची नाहीच. सोळा जणांची आहे. तुम्ही दोघांनी मिळून बाकीच्या चौदा जणांचा बांध कोरलाय."

मग थोरल्यांनी सावकाश विचारलं, "म्हंजी ह्या दाव्यात आमी दोगं येका बाजूला?"

"हो."

थोरल्यांनी धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मग लडवू की, वकीलसाहेब!"

अकरा वर्षांत पहिल्यांदा दोघं एका टांग्यातनं घरी गेले.

* * *

आता जो किस्सा सांगणार आहे, तो मी बरीच वर्षं कुणाला सांगितला नाही.

सिस्टर पहिल्या मजल्यावर राहायला आल्या आणि दोन महिन्यांत बिल्डिंगमध्ये कुजबुज सुरू झाली. कुणी जात काढली नाही हं! आम्ही सगळे सुधारलेले. कुणी म्हणालं, नर्सची ड्युटी वेळी-अवेळी असते, जिन्यात पाय वाजतात. कुणी म्हणालं, दवाखान्यातले जंतू घरात येतात. रावसाहेब फक्त एवढंच म्हणाले, "पाण्याची टाकी एकच आहे हो." आणि थांबले. ते थांबले त्यातच सगळं आलं.

अर्ज ठरला. आण्णाशेठनी सदर बाईंचे पैसे परत करून फ्लॅट काढून घ्यावा, असा. टाईप करायला माझ्याकडं आला. एवढा एकच कागद मी आयुष्यात नीट वाचून टाईप केला. खाली पंधरा सह्या. पंधरावी माझी. सुभेदारांनी केली, दोन्ही जगतापांनी केली, मी केली. मला तेव्हा लाज वाटली नाही. आता वाटते, पण आता वाटून काय उपयोग?

बापूसाहेबांनी अर्ज बघितला. "पंधरा सह्या. ह्यात मालक कोण कोण?"

"सगळेच!" रावसाहेब म्हणाले.

"एकही नाही. तुमचे कागद नोंदवलेले नाहीत. कायद्यानं ती पंधराही घरं अजून आण्णाशेठची. बिल्डिंगला मालक दोनच, आण्णाशेठ आणि ती बाई. तुम्ही तिला काढताय? ती तुम्हाला ठेवून घेते का ते बघा!"

रावसाहेबांना वाटलं, वकील गंमत करतोय. अर्ज आण्णाशेठकडं गेला. आण्णाशेठनी तो नेऊन सिस्टरनाच दाखवला आणि म्हणाले, बघा, लोकांची इच्छा नाही, घर सोडा. सिस्टरनी खरेदीखताची नक्कल त्यांच्यापुढं ठेवली. आण्णाशेठ आले तसे गेले.

संध्याकाळी सिस्टर मला जिन्यात भेटल्या. मी बाजूला झालो. त्या म्हणाल्या, "टायपिंग सुबक आहे तुमचं. एकही चूक नाही."

* * *

पुढच्या वर्षी आण्णाशेठनी गच्चीवर विटा चढवायला सुरुवात केली. चौथा मजला! आणखी चार फ्लॅट! नगरपालिकेच्या नकाशात तीनच मजले, खांब तीनच मजल्यांचे. पहिल्या आठवड्यातच रावसाहेबांच्या छताला बोटभर चीर गेली. सुभेदारांनी आण्णाशेठना विचारलं, तर म्हणाले, "बिल्डिंग माझी, गच्ची माझी. तुमच्याकडं काय कागद आहे?"

पंधरा माणसं ऑफिसात. एवढी माणसं पाहून टपरीवाला आपणहून चहा घेऊन आला.

"साहेब, थांबवा हो हे! आमच्या डोक्यावर पडंल सगळं!"

बापूसाहेब म्हणाले, "मी दोन वर्षांपूर्वी तारीख दिली होती. अमावास्या होती म्हणे."

रावसाहेब खाली बघायला लागले.

"तुमच्या साध्या कागदांवर भांडता येईल. निकाल लागेल तेव्हा तुमची नातवंडं ऐकतील. उद्याच्या उद्या काम बंद पाडायचं, तर डिक्लरेशनखालचा मालक उभा राहिला पाहिजे. तो म्हणू शकतो, माझ्या संमतीशिवाय सामाईक गच्चीवर एक वीट ठेवायची नाही. असा मालक आण्णाशेठ सोडून एकच आहे."

बापूसाहेबांनी वकीलपत्र भरलं आणि माझ्या हातात दिलं. "जा. सही घेऊन या."

रविवारी सकाळी आम्ही पंधराजण पहिल्या मजल्यावर गेलो. घर एवढंसं. निम्मे खुर्च्यांवर आणि सतरंजीवर, निम्मे दारात. कुणी त्या घरात आधी पाऊल टाकलं नव्हतं. रावसाहेबांनी घसा साफ करून सगळं सांगितलं. 'आपली बिल्डिंग' म्हणाले, 'आपण सगळे एक' म्हणाले. अर्जाचा विषय कुणी काढला नाही. सिस्टरनीही नाही.

त्यांनी वकीलपत्र घेतलं, टेबलावर ठेवलं, आणि आत गेल्या. थोड्या वेळानं सासूबाई आणि त्या चहा घेऊन आल्या. पंधरा कप. शेजारपाजारचे मागून आणलेले नव्हते, सगळे घरचेच, एकसारखे.

मी पहिला घेतला. दुसरं काय करणार होतो? सुभेदारांनी घेतला. जगतापांनी घेतला, थोरल्यांनी आधी, मग धाकट्यांनी. हळूहळू सगळ्यांनी घेतला. रावसाहेबांनीही कप हातात घेतला, आणि तसाच धरून बसले.

सिस्टर कागद वाचत होत्या. सावकाश, एकेक ओळ. वाचून झालं. पेन काढलं, टोपण काढलं, समोर बघितलं. चौदा कप रिकामे, एक भरलेला. वर साय धरलेली.

सिस्टरनी पेनाला परत टोपण लावलं.

"रावसाहेब, तुमचा निवला. द्या, दुसरा करून आणते."

"नको, नको. राहू दे. तुम्हाला उशीर..."

"मला कसली घाई? मी माझ्या घरात बसलेय."

त्यांनी रावसाहेबांच्या हातातला कप काढून घेतला, आत नेला. आतून स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. कुणी कुणाकडं बघेना. वर गच्चीवर आण्णाशेठचे गवंडी विटा टाकत होते, त्याचा धाडधाड आवाज घरात येत होता.

वाफाळता कप आला. रावसाहेबांच्या हातात दिला गेला. सिस्टर समोर येऊन बसल्या. पेन टेबलावर.

रावसाहेब कपाकडं बघत राहिले. शेवटी सुभेदारांच्यानं राहवेना.

"आवं रावसायेब, प्या की! पंधरा बिऱ्हाडं तुमच्या घोटावर हुबी हायत!"

रावसाहेबांनी कप तोंडाला लावला. चटका बसला असणार, पण थांबले नाहीत. शेवटच्या थेंबापर्यंत प्याले आणि कप खाली ठेवला.

सिस्टरनी टोपण काढलं. कागद माझ्याकडं सरकवला आणि विचारलं,

"सही कुठं करायची? 'मालक' लिहिलंय तिथंच ना?"